गाईगुरांच्या जाहिरातींत फुलांचं बी

आजची गोष्ट लांबची आहे, अमेरिकेच्या दक्षिण भागातली. पण तिच्यातल्या बायका तुम्हाला ओळखीच्या वाटतील. शेतावर राहणाऱ्या, कोंबड्या पाळणाऱ्या, घरापासून बाजार लांब असलेल्या. या बायकांनी फुलझाडांच्या निमित्तानं एकमेकींशी ओळख कशी केली, तोंडही न पाहता मैत्री कशी टिकवली आणि त्यात कोणती झाडं वाचली, ते आज सांगते.

तिथल्या मिसिसिपी राज्याचं शेतीखातं १९२८ सालापासून एक पत्रक काढतं. त्याचं नाव ‘मार्केट बुलेटिन’, आपण बाजारपत्रक म्हणू. दक्षिणेतल्याच जॉर्जिया राज्याचं असंच पत्रक त्याआधी, १९१७ मध्ये सुरू झालं होतं. हळूहळू दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांनी ही पत्रकं काढली. काम एकच. शेतकऱ्याकडे विकायला जे असेल त्याची दोन ओळींची जाहिरात छापायची. शेतकऱ्याला त्याचे पैसे पडत नसत. गाय विकणे आहे, खेचर विकणे आहे, डुक्कर, नांगर, कडबा, उबवायची अंडी. कोणाला राबायला गडी हवा, कोणाला करायला शेत हवं.

आणि या सगळ्या गाईगुरांच्या मध्येच एखादी बाई लिहायची: माझ्याकडे लिलीचे कंद आहेत, शेवंतीच्या मुनव्या आहेत, भोपळ्याचं बी आहे. खाली आपलं नाव आणि पोस्टाचं गाव. बस्स. दोन ओळी.

ही पत्रकं बायकांसाठी निघाली नव्हती, हे लक्षात घ्या. सरकारच्या डोळ्यासमोर कापूस होता, मका होता, जनावरं होती. फुलांसाठी कोणी योजना आखली नव्हती. बायकांनीच पाहिलं की इथे जागा आहे, फुकट आहे, आणि त्या शिरल्या.

मिसिसिपी म्हणजे कापसाचा मुलूख. आपल्या वऱ्हाड-खानदेशाचं आणि त्या मुलखाचं एक जुनं नातं आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून मुंबईच्या व्यापाऱ्यांनी आपल्याकडचा कापूस उचलला. भाव आकाशाला भिडले. युद्ध संपलं आणि इथले भाव धाडकन खाली आले. तिकडे कापूस पिकला की इकडे पडायचा, असं ते नातं.

पुढे पाळी त्यांच्यावरही आली. १९२९ मध्ये तिथे कापसाला पौंडामागे सुमारे १७ सेंट मिळत होते. दोनच वर्षांत भाव ६ सेंटांच्याही खाली गेला. घरधन्याचं सगळं पीक सावकाराच्या आणि दुकानदाराच्या वहीत जमा व्हायचं. बाईच्या हातात राहायचे ते अंड्यांचे आणि लोण्याचे पैसे. रीतच होती तशी, अंड्यांचा पैसा बाईचा. त्यात आता कंदांचे आणि बियांचे काही सेंट येऊ लागले. एका पुडीला काही सेंट म्हणजे फार नव्हे. पण ज्या बाईला स्वतःच्या नावानं पाकीट येतं आणि त्यात नाणी निघतात, तिला ते किती वाटत असतील, हे बचत गटाच्या बाईला मी कशाला सांगू?

आता हे पाकीट तिच्या दारापर्यंत पोहोचलं कसं? यामागे टपालखात्याची एक मोठी गोष्ट आहे आणि मला ती फुलांइतकीच महत्त्वाची वाटते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत शहरातल्या माणसाला टपाल घरपोच मिळे. शेतकऱ्याला मात्र गाडी जुंपून पोस्टाच्या गावी जावं लागे. बाई तर कधी जाणार? नवरा जाईल तेव्हा, आणि त्याला आठवण राहिली तर. १८९६ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पहिल्यांदा खेड्यातल्या घरी फुकट टपाल पोहोचवून पाहिलं, आणि १९०२ मध्ये ती सोय कायमची झाली. शेताच्या वाटेवर खांबावर पत्र्याची पेटी ठोकायची आणि पोस्टमन त्यात टपाल टाकून जायचा, तुमचं जायचं पत्र घेऊनही जायचा.

तरी पार्सलाची अडचण होतीच. टपालानं चार पौंडांपर्यंतच जड वस्तू जाई, त्याहून मोठी असेल तर खासगी कंपन्या सांगतील तो दर. १ जानेवारी १९१३ पासून सरकारनं पार्सल टपाल सुरू केलं. सुरुवातीला मर्यादा अकरा पौंडांची, म्हणजे आपले पाच किलो. आता ओल्या शेवाळात गुंडाळलेली मुळं, कागदात बांधलेले कंद, सगळं दारातूनच जाऊ लागलं. बाईला ना गाडी लागली, ना नवऱ्याची सवड.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडत होती. साउथ कॅरोलायना राज्यात एकेन नावाच्या जिल्ह्यात मेरी क्रोमर नावाच्या शिक्षिका होत्या. मुलांना मका पिकवायला शिकवणारे क्लब तेव्हा निघाले होते. मुलींसाठी काहीच नव्हतं. क्रोमरबाईंनी १९१० मध्ये मुलींचा टोमॅटो क्लब काढला. प्रत्येक मुलीला एकराचा दहावा हिस्सा, आपल्या हिशेबात चार गुंठे. त्यात टोमॅटो लावायचे, काढायचे, डब्यात भरून टिकवायचे आणि विकायचे. पुढच्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनात जेन मॅक्किमन यांनी आणि मिसिसिपीत सूझी पॉवेल यांनी असेच क्लब सुरू केले. १९१४ मध्ये कायदा होऊन या कामाला सरकारचा कायमचा पैसा मिळाला.

मला या क्लबांतली एक गोष्ट फार आवडते. नॉर्थ कॅरोलायनातल्या मुली आपल्या चार गुंठ्यांची वही लिहीत. रोपं कधी लावली, खत काय घातलं, पाऊस कधी आला, किती डबे भरले, खर्च किती, नफा किती. काहींनी वहीचं मुखपृष्ठ टोमॅटोच्या आकारात कापून रंगवलं होतं. त्यातल्या काही वह्या तिथल्या संग्रहात अजून जपून ठेवल्या आहेत. चौदा-पंधरा वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोरीनं स्वतःच्या वाफ्याबद्दल स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि ते कोणीतरी वाचण्यालायक मानलं! या पोरींची पिढी मोठी झाली, संसाराला लागली, तेव्हा बाजारपत्रकं निघाली होती. लिहायची भीड आधीच मोडलेली होती.

जाहिरातींतली फुलं कोणती? नर्गिसाच्या जातीची पिवळी फुलं, कर्दळ, डेलिया, शेवंती, नेचे, गुलाबाच्या काड्या, भोपळे, गणेशवेलीचं बी. लाल कोळी-लिलीचे कंद. या कोळी-लिलीची कहाणी तिथे अशी सांगतात की १८५४ च्या सुमाराला एक जहाजाचा कप्तान जपानहून तीन सुकलेले कंद घेऊन नॉर्थ कॅरोलायनातल्या न्यू बर्न गावी आला. तीन कंदांची पोरं, त्यांची पोरं, असं करत ती लिली दक्षिणेत घराघराच्या पायरीशी जाऊन बसली. अशा कहाणीत तिखटमीठ असतंच. पण कंद वाटल्यानं वाढतो एवढं तर खरंच.

आणखी एक होती ‘दूध-मद्य लिली’. पांढऱ्या पाकळीवर मधोमध द्राक्षाच्या दारूसारखा लाल पट्टा. ही आपल्या सुदर्शनाची बहीण. तोच रुंद पानांचा गड्डा, तोच संध्याकाळचा वास. तिच्या कंदाचा गड्डा वर्षानुवर्षं जमिनीत वाढत जातो, घर पडतं, माणसं जातात, पण तो गड्डा तिथेच फुलत राहतो. दक्षिणेत ओसाड पडलेल्या घरांच्या जागा अशा फुलांवरून ओळखता येतात.

आपलं म्हणावं असं फूलही तिथे होतं. तेरडा! गौरीच्या दिवसांत आपण आणतो तो तेरडा मूळचा आपल्याच देशातला, आणि तो अमेरिकेतल्या जुन्या बागांमध्ये कित्येक पिढ्या नांदतो आहे. उलट गुलबक्षी, झेंडू, निशिगंध आपण आपलेच समजतो, पण ही तिन्ही अमेरिका खंडातून आलेली. देवाला वाहताना कोणी विचारत नाही.

आता यात एलिझाबेथ लॉरेन्स कुठून आल्या ते सांगते. त्यांचा जन्म १९०४ चा. घर खाऊनपिऊन सुखी. नॉर्थ कॅरोलायनाच्या सरकारी कॉलेजातून बागरचनेची पदवी घेणारी पहिली बाई त्याच, १९३२ मध्ये. लग्न केलं नाही, आईबरोबर राहिल्या, शेवटपर्यंत आईचं केलं. १९४२ मध्ये त्यांचं दक्षिणेतल्या बागांवरचं पुस्तक निघालं. तोपर्यंत बागेची पुस्तकं म्हणजे थंड हवेच्या उत्तरेकडची, नाहीतर इंग्लंडची. दक्षिणेच्या उकाड्यात काय जगतं, कधी फुलतं, हे स्वतःच्या वाफ्यात लावून, तारखा टिपून लिहिणारं असं पुस्तक दुर्मीळच होतं.

मिसिसिपीची राजधानी जॅक्सन. तिथे युडोरा वेल्टी नावाच्या लेखिका राहत. पुढे त्या फार नावाजल्या. त्यांच्या आईला बागेचं वेड, मग लेकीलाही लागलं. वेल्टीबाईंनी लॉरेन्सबाईंचं पुस्तक वाचलं आणि त्यांचं नाव मिसिसिपी बाजारपत्रकाच्या वाचकांच्या यादीत घालून दिलं. जणू सांगितलं, हे बघा, तुमच्या कामाचं आहे. एवढंच निमित्त.

जाता जाता वेल्टीबाईंची एक गंमत सांगते. १९३० च्या दशकात जॅक्सन गावात ज्याच्या घरी रात्री फुलणारं ते निवडुंगाचं मोठं पांढरं फूल उमलणार असेल, तो माणूस पेपरात छापून लोकांना पाहायला बोलवायचा. वेल्टीबाई आणि त्यांची मित्रमंडळी अशा घरी जायची, रात्री बसून फूल उमलताना पाहायची. त्यांनी त्याचा क्लबच केला होता. हे फूल कोणतं कळलं ना? आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो तेच. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. आपल्या कुंडीतलं हे मेक्सिकोकडचं निवडुंग, पान खोचलं की रुजणारं. पावसाळ्यात शेजारणीचा निरोप येतो, आज आमच्याकडे सात कळ्या उमलणार, या. आपणही जातो, आणि येताना एक पान मागून आणतो.

तर लॉरेन्सबाईंनी बाजारपत्रकं वाचायला घेतली आणि त्यांना चटकच लागली. एका राज्याचं झालं, दुसऱ्याचं मागवलं, तिसऱ्याचं मागवलं. जाहिरात पाहून त्या पत्र लिहीत. बाईचं उत्तर येई. त्यात झाडाची माहिती असे, आणि माहितीबरोबर बाकीचंही सगळं. दुष्काळ पडला, गुडघे दुखतात, सून बाळंत झाली, हे झाड माझ्या आजीच्या दारातलं. पुढच्या पत्रात पुडी येई, कधी न मागितलेलं एखादं रोपही सोबत. अशी पत्रं वर्षानुवर्षं चालली.

अडचण होती नावांची. शेतावरच्या बाया झाडाला घरच्या नावानं ओळखत. ‘कोंबडी आणि पिल्लं’ नावाचं एक झाड, मधल्या गड्ड्याभोवती छोटी छोटी रोपटी फुटतात म्हणून. झिनियाला ‘म्हातारी कुमारिका’. हिवाळ्यात वास सोडणाऱ्या एका झुडपाचं नाव तर ‘फाटकापाशी मुका घे’! हसू नका, खरंच. आता हे नाव दुकानाच्या यादीत कुठे सापडणार? आणि एकच नाव दोन गावांत दोन झाडांना. आपल्याकडे वाल कोणता आणि पावटा कोणता यावर दोन तालुक्यांतल्या जावा भांडतील, तसंच.

लॉरेन्सबाईंचा उपाय सोपा आणि सबुरीचा. झाड मागवायचं, लावायचं, फुलेपर्यंत थांबायचं. फूल आलं की पुस्तकं काढून शास्त्रीय नाव शोधायचं. कधी एक वर्ष, कधी तीन. मग ते नाव त्या बाईला कळवायचं. पण त्यांनी असं कधी केलं नाही की शास्त्रातलं नाव सापडलं म्हणून गावातलं नाव पुसलं. दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहिली. ज्या बाईकडून रोप आलं तिचं नाव आणि गावही लिहिलं. पुस्तकं लिहिणारे पुष्कळ असतात, त्यातले थोडेच असं करतात. आपल्याकडून बियाणं, औषधी झाडाची माहिती, गाणी घेऊन गेलेल्या किती जणांनी खाली आपलं नाव टाकलं आणि देणारीला ‘एक ग्रामीण स्त्री’ केलं, ते आठवून पाहा.

१९५७ ते १९७१ त्यांनी शार्लट गावच्या वर्तमानपत्रात दर आठवड्याला बागेवर लिहिलं. १९५८ मध्ये दूर उत्तरेकडच्या मेन राज्यातल्या कॅथरिन व्हाइट यांच्याशी त्यांची पत्रमैत्री जुळली. व्हाइटबाई न्यूयॉर्कच्या मोठ्या साप्ताहिकाच्या संपादक. त्यांनी बियाण्यांच्या कंपन्यांच्या सूचिपत्रकांवर एक लेख लिहिला होता, तो वाचून लॉरेन्सबाईंनी पत्र पाठवलं. मग १९७७ मध्ये व्हाइटबाई वारल्या तोपर्यंत दोघी एकमेकींना लिहीत राहिल्या. एवढ्या वर्षांत प्रत्यक्ष भेट एकदाच झाली. ही पत्रं पुढे पुस्तकात आली. शेतावरच्या बायांची पत्रं मात्र बहुतेक चुलीतच गेली असणार.

या सगळ्यातून वाचलं काय? दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या रोपवाटिका वाढल्या. त्यांना हवी असतात ती ट्रकमध्ये मावणारी, एकाच वेळी फुलणारी, दुकानात उभ्या उभ्या छान दिसणारी रोपं. दूध-मद्य लिलीचा गड्डा जड, सावकाश वाढणारा, कुंडीत फुलायला नखरे करणारा. जुना गुलाब वर्षातून एकदाच फुलणार. अशी झाडं यादीतून गळत गेली. दुकानातून गेली, पण दारातून गेली नाहीत. ज्या बाईच्या सासूनं लावलं होतं तिनं ते राखलं, वाटलं, दोन ओळींची जाहिरात दिली. अशा झाडांना तिथे ‘हातोहात झाडं’ अशा अर्थाचं नाव पडलं आहे. मिसिसिपीचे फेल्डर रशिंग आणि स्टीव्ह बेंडर यांनी १९९३ मध्ये त्यावर पुस्तकच काढलं. तिकडे एक समजूत अशी की कोणी रोप दिलं तर ‘थँक यू’ म्हणायचं नाही, म्हटलं तर रोप मरतं. आपल्याकडे मनीप्लँट चोरून आणला तरच वाढतो म्हणतात. दोन्हीकडे मतलब एकच असावा, की रोपाचा हिशेब ठेवू नये.

पण सगळंच गोड होतं असं सांगितलं तर ते खोटं होईल. तो काळ तिथे काळ्या-गोऱ्यांच्या भेदाचा होता. शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, टोमॅटो क्लबसुद्धा वेगळे, आणि काळ्या मुलींच्या क्लबांना पैसा कमी. यादवी युद्धाआधी ज्यांना गुलाम म्हणून कापसात राबवलं, त्यांची नातवंडं-पणतवंडं बहुतेक दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं राबत होती. जमीन आपली नाही, घर आपलं नाही, मालकाशी हिशेबावरून वाजलं की बिऱ्हाड उचलायचं. अशा बाईनं झाड लावायचं कुठे? तरी लावलं. काळ्या कुटुंबांची अंगणं हा तिथे आता अभ्यासाचा विषय झाला आहे. गवत उपटून काढलेलं, काटक्यांच्या खराट्यानं रोज झाडलेलं, चापूनचोपून केलेलं मातीचं अंगण, आणि कडेला डबे-घमेली-जुन्या टायरांत फुलझाडं. सडासारवण नाही, पण नजर तीच. गोऱ्या लोकांच्या घरापुढे हिरवळ, यांच्या घरापुढे स्वच्छ माती. बागांच्या पुस्तकांत या अंगणांना जागा मिळायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. लॉरेन्सबाईंच्या टेबलावर पत्रं आली ती ज्यांना लिहिता येत होतं, टपालाची पेटी होती, त्यांची.

दुसरी गोष्ट, हातोहात दिलेलं प्रत्येक झाड चांगलंच असतं असं नाही. फ्लोरिडात चिपली गावात चार्ल्स आणि लिली प्लीस नावाचं जोडपं होतं. जपानहून आलेला कुडझू नावाचा वेल त्यांनी दारात लावला, जनावरं आवडीनं खातात असं दिसलं, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टपालानं त्याची रोपं विकायला सुरुवात केली. पुढे सरकारनंही माती वाहून जाऊ नये म्हणून लोकांना पैसे देऊन तो लावायला लावला. आज दक्षिणेत कुडझूनं झाडं, खांब, पडकी घरं गिळली आहेत. आपल्याकडे घाणेरी अशीच आली, शोभेचं झाड म्हणून, अमेरिकेतूनच. नदीतल्या जलपर्णीलाही फूल किती सुंदर असतं! कोणी नवं रोप दिलं तर घ्यावं, पण वर्षभर कुंडीत ठेवून त्याचे पाय पाहावेत, आणि ओढ्याकाठी तर मुळीच टाकू नये, असं माझं मत आहे.

बाजारपत्रकातल्या बायकांवर पुस्तक लिहायचं लॉरेन्सबाईंच्या मनात फार वर्षं होतं. पत्रं, कात्रणं, टिपणं जमवली. लिहीत राहिल्या, पण पुरं होईना. एक प्रकरण लिहावं तर नवं पत्र यायचं, नवं नाव, नवा कंद, आणि तो फुलेपर्यंत पुन्हा थांबायचं. १९८५ मध्ये त्या वारल्या. कागद मागे राहिले. ॲलन लेसी नावाच्या बागलेखकानं ते जुळवले आणि १९८७ मध्ये ड्यूक विद्यापीठानं पुस्तक छापलं. त्याच्या नावाचा अर्थ ‘प्रेमासाठी बागकाम’. त्यात त्या बायांची नावं आहेत, त्यांची गावं आहेत, कोणाकडे काय होतं ते आहे.

शार्लटमधलं त्यांचं घर आणि बाग आता सांभाळून ठेवली आहे, लोक पाहायला जातात. आणि मिसिसिपीचं ते बाजारपत्रक अजून निघतं. गाई, ट्रॅक्टर, कोंबड्या, कडबा, सगळं असतं त्यात.